मँडरीनचा पेपर आणि महिनाभराचा मुक्काम

चिनी भाषेत ‘माय’ म्हणजे विकत घेणं आणि ‘माय’ म्हणजेच विकणं. फरक आहे तो सुराचा. आवाज खाली दाबून धरला तर बोलणारा गिऱ्हाईक. वरून झटक्यात खाली सोडला तर तोच दुकानदार. तळेगाव ढमढेरेच्या बाजारात कांद्याच्या ढिगापाशी उभं राहून हे दोन ‘माय’ पाठोपाठ म्हणून पाहावेत. मराठी कानाला पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच लागतात. आठवड्यानंतर फरक कधी कळतो, कधी हुकतो. मँडरीन शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं. शब्द पाठ असतो, अक्षर चौकटीच्या वहीत गिरवून गिरवून बोटांत बसलेलं असतं, पण समोरचा माणूस बोलला की सूर निसटतो.

परीक्षेच्या आधी चार-सहा आठवडे त्या भाषेच्या मुलखात राहून येणं, हा मँडरीनच्या अभ्यासाचाच भाग मानला पाहिजे. आणि तो भाग शिरूर-दौंडच्या मुलामुलींच्याही वाट्याला यावा, यासाठी विद्यापीठानं, सरकारनं आणि पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या कारखान्यांनी हात लावायला हवा. आज ही संधी ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच मिळते.

आधी परीक्षेचं स्वरूप पाहू. मँडरीनची जगभर चालणारी परीक्षा म्हणजे ‘एचएसके’. २०१० साली तिच्या सहा पातळ्या ठरल्या; २०२१ साली नऊ पातळ्यांची नवी मानकंही जाहीर झाली. सहा पातळ्यांच्या रचनेत पहिलीला १५० शब्द, दुसरीला ३००, तिसरीला ६००, चौथीला १२००, पाचवीला २५०० आणि सहावीला ५०००. दर पायरीला ओझं दुप्पट. पहिल्या दोन पातळ्यांच्या प्रश्नपत्रिकेत चिनी अक्षरासोबत रोमन लिपीतला उच्चार छापलेला असतो. तिसरीपासून ही काठी काढून घेतात. चौथीला आणखी एक गोष्ट बदलते. तिसरीपर्यंत ऐकण्याच्या भागातला संवाद दोनदा ऐकवतात, चौथीपासून एकदाच. बाई म्हणते, ‘बस चुकली, टॅक्सीनं येते.’ पुरुष म्हणतो, ‘राहू दे, मीच न्यायला येतो.’ मग प्रश्न: ती कशी येणार? उत्तरावर खूण करेपर्यंत पुढचा संवाद सुरू झालेला असतो. जो मुलगा मनातल्या मनात मराठीत भाषांतर करत बसला, त्याचे पुढचे दोन-तीन प्रश्न गेलेच. ३०० पैकी १८० गुणांची रेघ हुकते ती बहुधा इथे, आणि त्यावर पाठांतराचा इलाज चालत नाही. कान तयार लागतो.

कान तयार व्हायला तास लागतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषाशाळा आहे. इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्याला फ्रेंच किंवा स्पॅनिश कामापुरती यायला तिथे २४ ते ३० आठवडे धरतात. मँडरीनला ८८ आठवडे, म्हणजे वर्गातले सुमारे २२०० तास. आता हा हिशेब इकडे आणावा. समजा, तळेगावची एखादी मुलगी आठवड्यातून तीन दिवस पुण्याला दोन-दोन तासांच्या क्लासला जाते. आठवड्याचे झाले सहा तास. या गतीनं २२०० तास भरायला सात वर्षं लागतील, आणि त्यात वाघोलीच्या कोंडीत एसटीत बसून गेलेला वेळ धरलेलाच नाही. तीच मुलगी चार आठवडे अशा ठिकाणी राहिली, जिथे सकाळच्या नाश्त्यापासून रात्री दिवा मालवण्यापर्यंत कानावर फक्त मँडरीन पडते, तर दिवसाचे दहा तास धरून २८० तास होतात. क्लासच्या हिशेबानं हे जवळजवळ अकरा महिने. नाश्त्याचा तास आणि वर्गातला तास एकाच तोलाचे नाहीत हे खरं, तरीही अकरा महिन्यांच्या कामातलं निम्मं जरी चार आठवड्यांत झालं तरी परीक्षेचा निकाल बदलतो.

मराठी मुलाची सुरुवात तशी चांगली असते, हे कुणी त्याला सांगत नाही. मँडरीनमध्ये प आणि फ, त आणि थ, क आणि ख असा श्वासाचा भेद आहे. इंग्रजी माणूस त्यात महिनोन्‌महिने धडपडतो. आपल्याकडे तो बाराखडीतच येतो. रोमन लिपीत ‘बी’नं सुरू होणाऱ्या चीनच्या राजधानीचं नाव चिनी तोंडात ‘पेइचिंग’च्या जवळ जातं. चमच्यातला च आणि चहातला च वेगळा, हे मराठी पोराला जन्मापासून ठाऊक असतं, आणि मँडरीनलाही असे दोन च लागतात. हिंदीवाल्याला तो पहिला च मुद्दाम शिकावा लागतो. खुद्द चहा हा शब्दच तिकडून आलेला. राहिले फक्त सूर, आणि सूर पुस्तकातून येत नाहीत.

मुळात तळेगाव ढमढेरेत मँडरीनचं काय काम, असा प्रश्न पडेल. नकाशा पाहिला की उत्तर मिळतं. शिक्रापूर हाकेच्या अंतरावर, पुढे रांजणगाव. महागणपतीच्या त्याच रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कोरियाची एलजी आहे, आणि चीनच्या हायर कंपनीनं २००७ साली कारखाना ताब्यात घेऊन २०१७ साली तो मोठा केला. चाकणला सॅनी ही चिनी कंपनी उत्खनन यंत्रं बनवते. शिवाय ज्या कारखान्यांचे मालक इथलेच आहेत, त्यांच्याकडेही साचे आणि यंत्रं चीनमधून येतात. २०२३-२४ या वर्षात भारतानं चीनकडून १०० अब्ज डॉलरहून जास्त किमतीचा माल घेतला. यंत्र बसवायला तिकडचा तंत्रज्ञ येतो तेव्हा त्याचं बोलणं समजून इथल्या फिटरला सांगणारा माणूस पंचक्रोशीत शोधावा लागतो. २०२०नंतर चिनी तंत्रज्ञांचे व्हिसा रखडले, तेव्हा ही अडचण देशभरच्या कारखानदारांनी सरकारकडे मांडली. यंत्र समोर उभं आणि ते चालवायची माहिती चिनीत! शिरूर-दौंडमधल्या आयटीआय झालेल्या मुलाला जोडीला चौथ्या पातळीची मँडरीन आली, तर तो त्या शॉपफ्लोअरवर दोन माणसांचं काम करेल आणि तसा पगारही मागू शकेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारनं चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी दुसऱ्या तळेगावच्या, म्हणजे तळेगाव दाभाडेच्या, मोटार कारखान्यासाठी सामंजस्य करार केला आणि त्याच रात्री गलवानमध्ये आपले २० जवान धारातीर्थी पडले. करार थांबला, पुढे बारगळला, आणि तो कारखाना शेवटी ह्युंदाईकडे गेला. त्याच वर्षी जुलैत आलेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांची जी उदाहरणं दिली, त्यात कोरियन, जपानी, थाई, रशियन आहेत. मसुद्यात असलेली चिनी अंतिम धोरणातून गळाली. ज्या तालुक्यांतून सैन्यात भरती होते, तिथे ‘त्यांची भाषा कशाला’ हा सवाल मनापासून विचारला जातो, आणि त्या भावनेचा मान ठेवलाच पाहिजे. पण निष्कर्ष नेमका उलटा निघतो. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत छात्रांना ज्या परदेशी भाषा शिकवतात त्यात चिनी आहे. प्रादेशिक सेनेनं २०२३ साली मँडरीन जाणणाऱ्यांची छोटी तुकडी घेतली. सीमेवरच्या बैठकीत समोरचा अधिकारी काय म्हणाला, हे त्याच्या दुभाष्याच्या तोंडून ऐकायचं की आपल्या कानांनी, यात निवड करण्यासारखं काही नाही. धोरणातून चिनी वगळणं ही चूक होती, आणि ती दुरुस्त व्हायला हवी.

मराठी माणसांचा या भाषेशी संबंध नवा नाही. १९४७ साली भारत सरकारनं चीनमध्ये शिकायला पाठवलेल्या विद्यार्थ्यांत वसंत परांजपे होते. पेकिंगला राहून ते भाषा शिकले, आणि १९५४ साली नेहरू माओंना भेटले तेव्हा दुभाषी म्हणून तेच बसले होते. अलीकडच्या काळात विजय गोखले आणि त्यांच्यामागून गौतम बंबावाले, असे दोन पुणेकर लागोपाठ बीजिंगला भारताचे राजदूत झाले. दोघांनाही मँडरीन उत्तम येते. परराष्ट्र सेवेत नव्या अधिकाऱ्याला भाषा नेमून देतात आणि ती शिकायला त्या भाषेच्या मुलखात ठेवतात. नुसतं दिल्लीत पुस्तक हातात देऊन भागवत नाहीत. सरकारला आपल्या अधिकाऱ्यांसाठी जे पटलं आहे, ते कॉलेजच्या मुलांसाठी का पटू नये?

सगळ्यांत मोठं उदाहरण मात्र सोलापूरचं आहे. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १० ऑक्टोबर १९१०, मुंबईच्या गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर. १९३८च्या सप्टेंबरात काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते मुंबईहून बोटीनं चीनला निघाले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. सुरुवातीला सगळी भिस्त दुभाष्यावर. पण तंबूत जखमी सैनिक विव्हळत असताना दुभाष्याची वाट कोण पाहणार? कुठे दुखतं, कधीपासून, पाय हलवता येतो का, हे प्रश्न रोज शेकडो वेळा विचारून आणि त्यांची उत्तरं ऐकूनच त्यांची भाषा घडली. १९३९ साली ते येनानला पोचले. पुढे आठव्या मार्गसेनेबरोबर डोंगराळ मुलखात फिरले. १९४१ साली बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले आणि चिनी विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले, तीही चिनीतून. तीन वर्षांपूर्वी ज्यांना त्या भाषेचा गंध नव्हता, ते आता तिच्यात व्याख्यान देत होते. त्याच वर्षी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनह्वा, यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यानं ते गेले. चीनमध्ये आजही त्यांना ‘ख तीह्वा’ या चिनी नावानं ओळखतात. कोटणिसांनी कुठलीही परीक्षा दिली नव्हती. पण भाषा माणसांत राहून कशी येते, याचा इतका सच्चा दाखला शोधून सापडणार नाही.

आणि हे तत्त्व आपल्या गावांना परकं थोडंच आहे? कीर्तनकार व्हायचं असेल तर मुलगा आळंदीला जाऊन राहतो. जोग महाराजांनी १९१७ साली तिथे वारकरी शिक्षण संस्था काढली. विद्यार्थी चार वर्षं तिथेच राहतात, पाठ, पखवाज, हरिपाठ सगळं तिथल्या हवेतच घेतात. कुस्ती शिकायची तर कोल्हापूरच्या तालमीत मुक्काम. ‘आठवड्यातून तीन दिवस दोन तास तालीम कर’ असं कुठल्या वस्तादानं सांगितलं असतं का? सातव्या शतकात ह्युएन त्संग चीनहून निघाला तो संस्कृत आणि बौद्ध ग्रंथांसाठी. वर्षानुवर्षं नालंदेत राहिला, महाराष्ट्रातूनही गेला, आणि इथली माणसं मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं लिहून ठेवलं. भाषेसाठी घर सोडून दूर देशी राहायला येणाऱ्यांना या भूमीनं तेव्हा जागा दिली होती.

आता सहल कशी असावी, याबद्दल. चिनी भिंतीपुढे फोटो आणि तीन शहरांत खरेदी, अशा दहा दिवसांच्या फेरीला भाषाशिक्षण म्हणणं ही पालकांची फसवणूक आहे. दुसरी पातळी पुरी न केलेल्या मुलाला पाठवूच नये. कानावर पडेल त्याचा त्याला अर्थच लागणार नाही आणि तो खोलीत मोबाइलमध्ये डोकं घालून बसेल. तिसरी पातळी झालेली आणि चौथीच्या तयारीतली मुलं यासाठी सर्वांत योग्य. खोलीत दोन मराठी मुलं एकत्र ठेवायची नाहीत, हा नियम कठोर वाटला तरी पाळलाच पाहिजे, कारण रात्री गप्पा मराठीत झाल्या की दिवसभराचं निम्मं वाहून जातं. घरचा फोन दिवसातून एकदा, ठरल्या वेळी. सकाळी चार तास वर्ग, दुपारी एक ठरलेलं काम: आज पोस्टात जाऊन पत्र टाकायचं, उद्या औषधाच्या दुकानात खोकल्याचं औषध मागायचं, परवा भाजी घ्यायची आणि भाव पाडून घ्यायचा. संध्याकाळी त्याचाच वृत्तांत शिक्षकाला तोंडी सांगायचा. सूप म्हणजे ‘थांग’ आणि साखर म्हणजेही ‘थांग’, सूर तेवढा वेगळा. खाणावळीत एकदा सूपऐवजी साखर समोर आली की तो सूर जन्मभर चुकत नाही.

सिंगापूर हे गंभीरपणे करतं. तिथल्या शिक्षण खात्यानं २००५ साली निवडक शाळांतल्या मुलांसाठी चिनी भाषा-संस्कृतीचा खास कार्यक्रम सुरू केला. त्यात चीनमध्ये जाऊन राहणं हा अभ्यासाचा भाग आहे. ज्यांच्या घरी चिनी आजी-आजोबा आहेत, त्या मुलांनाही हे लागतं, तर तळेगावच्या मुलाला किती लागेल!

कुठे पाठवायचं, यातही डोळसपणा हवा. पाच वर्षांच्या खंडानंतर २६ ऑक्टोबर २०२५ला भारत-चीन थेट विमान पुन्हा सुरू झालं, कोलकाता ते क्वांगचौ. तिकीट सोपं झालं, पण क्वांगचौच्या गल्लीबोळांची घरगुती बोली कँटनीज आहे. तिथे उतरावं आणि उत्तरेकडे जावं, हे बरं. बीजिंगमध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठीचं भाषा-संस्कृती विद्यापीठ १९६२पासून आहे आणि तिथे उन्हाळ्यात काही आठवड्यांचे वर्ग चालतात. तैवान हा दुसरा पर्याय. तैपेईतल्या राष्ट्रीय तैवान नॉर्मल विद्यापीठाचं मँडरीन केंद्र १९५६ सालचं, आणि तैवानचं शिक्षण खातं परदेशी विद्यार्थ्यांना भाषा शिकण्यासाठी मासिक विद्यावेतनही देतं. आपल्याकडे ते फार कमी मुलांना माहीत आहे. फक्त तैवानची लिपी जुन्या, जास्त रेघांच्या अक्षरांची. एचएसके सोप्या केलेल्या अक्षरांत होते. कान तैवानमध्येही तयार होईल, लिहिण्याचा सराव मात्र वेगळा ठेवावा लागेल.

राहिला पैसा. विमानभाडं, व्हिसा, शुल्क आणि महिनाभराचं राहणं-खाणं धरलं तर खर्च लाखाच्या पुढे जातो. कांद्याच्या भावावर वर्ष ठरणाऱ्या घरात हा विषयच निघत नाही. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजना मोलाच्या आहेत, पण त्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी, चार आठवड्यांचा भाषामुक्काम त्यात बसत नाही. कारखान्यांच्या सामाजिक दायित्व निधीचं बोट धरावं, तर नियम आडवा येतो: २०२१च्या नियमांनुसार देशाबाहेर केलेला खर्च या निधीत धरता येत नाही, अपवाद फक्त खेळाडूंच्या प्रशिक्षणाचा. खेळाडूंना जी सवलत आहे तीच भाषेच्या विद्यार्थ्यांना द्यावी, ही मागणी पुणे जिल्ह्यातल्या खासदारांनी दिल्लीत लावून धरायला हरकत नाही. महाराष्ट्रानं फेब्रुवारी २०२४मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि दहा हजार तरुणांना डोळ्यांपुढे ठेवून जर्मन शिकवायची तयारी केली. म्हणजे परदेशी भाषेवर सरकारी पैसा खर्च करणं शक्य आहे, हे ठरलेलंच आहे.

नियम बदलेपर्यंत हातावर हात धरून बसायचं कारण नाही. दायित्व निधी देशात खर्च करता येतो, तर मुक्कामच इकडे आणावा. अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजात १९१५पासून उन्हाळी भाषाशाळा चालते, १९६६पासून चिनीचीही. विद्यार्थी आल्या दिवशी शपथ घेतो, की इथून जाईपर्यंत दुसऱ्या भाषेत बोलणार नाही. आपल्याकडे संस्कृत भारतीची दहा दिवसांची संभाषण शिबिरं याच वाटेनं जातात. रांजणगावच्या कारखान्यांत जे चिनी अधिकारी आणि त्यांची कुटुंबं येतात, त्यांनी रविवारी दोन तास द्यावेत. तैवानहून एखादा शिक्षक महिन्याभरासाठी बोलवावा. आणि दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजच्या वसतिगृहात हे शिबिर भरावं. गावाकडची पोरं परदेशी भाषा कशाला शिकतील, असं म्हणणाऱ्यांनी छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाटची आठवण ठेवावी. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या मुलांना विचारलं, कुठली भाषा शिकायची? यंत्रमानव आणि तंत्रज्ञानाच्या ओढीनं त्यांनी जपानी निवडली, आणि टाळेबंदीच्या काळात शिकून दाखवली. शिक्रापूरच्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा तर तळेगावच्या शेजारचीच. लोकवर्गणी आणि मदत जमवून तिनं असं रूप घेतलं, की पालक प्रवेशासाठी रांगा लावू लागले. या तालुक्यात इच्छेची आणि वर्गणीची परंपरा आहे.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठानं, शिरूर-दौंडमधल्या महाविद्यालयांनी आणि रांजणगावच्या कारखानदारांनी या उन्हाळ्यात एकत्र बसावं. पहिल्या वर्षी तीस मुलांचं एक निवासी शिबिर घ्यावं आणि त्यातली चौथ्या पातळीच्या उंबरठ्यावर असलेली दहा मुलं परीक्षेआधी महिनाभर बाहेर पाठवावीत. त्या दहांत निम्म्या मुली असाव्यात, आणि निवडताना घरचं उत्पन्न आधी पाहावं.